खिडकीकडची जागा

घोटीच्या चौकात काळीपिवळी जीप भरायची वाट बघत उभी होती. मधल्या सीटवर आम्ही चौघी दाटीवाटीनं बसलेल्या, पाठीवरची पिशवी माझ्या मांडीवर. ड्रायव्हर खाली उभा राहून ‘बारी, शेंडी, भंडारदरा’ असा पुकारा करत होता. अजून दोन-तीन माणसं मिळाल्याशिवाय गाडी हलणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणालाच घाई नव्हती. खिडकीजवळ पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. पायाशी किराण्याची पिशवी, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली फवारणीच्या औषधाची बाटली. त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, मग तोंडाकडे. ‘भंडारदऱ्याला का ताई?’ हो म्हटलं. ‘एकल्याच?’ हो, एकटीच. तशा त्या उठल्या, बाटली छातीशी धरली आणि म्हणाल्या, ‘या इकडं, खिडकीला बसा. तुम्ही बघायला आलात. आमचं रोजचंच हाय.’ मी ‘राहू द्या मावशी’ म्हणेपर्यंत त्या माझ्या जागेवर सरकल्यासुद्धा.

खिडकी मिळाल्याचा आनंद झालाच. भाद्रपद संपत आलेला, उन्हाची एक तिरीप आणि लगेच एक सर असे दिवस. घोटीपासून बारीपर्यंतचा रस्ता अशा दिवसांत खिडकीतून बघायला मिळणं म्हणजे भाग्यच. पण त्यांचं ते वाक्य मनातून जाईना. रोजचं असलं म्हणजे बघायचं नाही, आणि रोजचं नसलं म्हणजेच बघायचा हक्क, असा काहीतरी हिशोब त्यात होता आणि तो त्यांनी किती सहज माझ्या पदरात टाकला होता. गंमत अशी की गाडी सुरू झाल्यावर सगळ्या वाटेनं सगळ्यात जास्त बाहेर पाहिलं ते त्यांनीच.

पिंपळगाव मोरच्या पुढे भातखाचरं सुरू झाली तशा त्या माझ्या खांद्यावरून पुढे झुकल्या. त्यांच्या पदराला ओल्या मातीचा आणि सकाळच्या चुलीच्या धुराचा वास होता. रस्त्याच्या कडेचं एक एक खाचर त्या नजरेखालून घालत होत्या. एका ठिकाणी भाताच्या मधोमध पिवळट तांबूस पट्टा पडलेला दिसला, तर शेजारच्या बाईला कोपरानं ढोसून म्हणाल्या, ‘बघ, यांच्यात बी आला करपा. युरिया लई टाकला.’ पुढे एका खाचराचा बांध फुटून पाणी खालच्या वावरात उतरलं होतं, तर कुणाचं ते ओळखून ‘घरी न्हाईत वाटतं ते’ एवढंच. मला जे नुसतं हिरवं दिसत होतं त्यात त्यांना कुणी आवणी उशिरा केली, कुणाची इंद्रायणी आणि कुणाचं दुसरं वाण, कुणाच्या घरची माणसं कमी पडली, कुणाच्या कामाला सावडीनं कोण गेलं होतं, हे सगळं दिसत होतं. आणि मधूनमधून त्यांची मान वर जात होती. कळसूबाईकडे.

कळसूबाईचा माथा ढगात होता. पांढरा, जाड ढग, गळ्यापर्यंत ओढून घेतल्यासारखा. मी खिडकीतून त्याचे फोटो काढत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, हा असाच राहू दे, दुपारपर्यंत खाली धरणावर उतरला तर काय बहार येईल. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, ‘हे उतरलं खाली की गेली आजची फवारणी.’ बाटलीवरचा कागद त्यांनी नीट केला. भात पोटरीत आलंय, दोन-चार दिवसांत निसवेल, लोंब्या बाहेर पडतील, फुलोऱ्यात असताना पावसानं झोडपलं तर दाणा भरत नाही, पळंज राहतं, हे त्यांनी मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. औषध पानावर वाळायला तरी काही तास उघाड हवी. ‘आता त्यानं गप बसायला पाहिजे. पडायचं तेवढं पडून झालंय.’

एकाच सीटवर बसून, एकाच ढगाकडे बघत, आम्ही दोघी दोन उलट गोष्टी मागत होतो.

खरं तर त्या दिवशी सकाळपासूनच खिडक्यांचाच प्रवास चालला होता. नाशिकहून भंडारदऱ्याला स्वतःच्या गाडीनं गेलं तर दोन तासांत माणूस पोचतो; आमच्याकडे सगळे तसेच जातात. मला मात्र कधीतरी गाडी बदलत बदलत जायला आवडतं. प्रत्येक वाहनात वेगळी माणसं असतात आणि त्यांच्या वेळेला आपली वेळ बांधावी लागते. निमाणीवरून पहाटेची सिटी बस पकडली तेव्हा अंधारच होता. बसमध्ये कारखान्याच्या पाळीला निघालेली माणसं, द्वारका चौकात चढलेला एक फुलवाला, त्याच्या टोपलीतला ओला झेंडू. नाशिकरोडला उतरले तेव्हा फलाटावर पंचवटी एक्स्प्रेसची गर्दी लागलेली. ही गर्दी वेगळी असते. रोज मुंबईला नोकरीला जाऊन रात्री परत येणारी ही माणसं कुठला डबा कुठे लागतो हे पायानं ओळखतात. बोलणं कमी. डबा, पाण्याची बाटली, मानेखाली घ्यायची उशी.

देवळाली गेली तसा उजेड वाढला. लहवीतच्या पुढे दारणेच्या पुलावरून गाडी गेली, खाली दोन्ही काठ भरून चाललेलं गढूळ पाणी, पाण्यावर धुक्याचा पातळ थर, पलीकडे ऊस आणि टोमॅटोची मांडवावर चढवलेली रोपं. मी खिडकीच्या गजाला नाक लावून बसले होते आणि माझ्या समोरचे चौघंही झोपलेले. झोप गाढ नव्हती. पूल आला तेव्हा चाकांचा आवाज बदलला, तसे त्यांतल्या एका गृहस्थांनी डोळे किलकिले केले, खाली पाण्याकडे एकदाच पाहिलं, ‘अजून सोडतायत’ असं शेजाऱ्याला म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले. शेजारी डोळे न उघडताच ‘हं’ म्हणाला. दारणा धरणातून विसर्ग चालू आहे की थांबला, हे त्या माणसाला दारणेच्या पुलावरच्या एका नजरेत कळत होतं. वर्षानुवर्षं रोज दोनदा तो पूल ओलांडून पाण्याची पातळी त्याच्या डोळ्यांत भिनली असणार.

तेव्हा मला त्याचं विशेष वाटलं नव्हतं. जीपमधल्या मावशींनंतर वाटलं.

इगतपुरीला उतरायचं म्हणजे घोटी मागे टाकून पुढे जायचं आणि मग आठ-नऊ किलोमीटर उलटं यायचं. बाबा म्हणतात, सरळ नाशिकच्या महामार्ग स्टँडवरून एसटीनं घोटीला जा, हा द्राविडी प्राणायाम कशाला. पण मला इगतपुरीचं स्टेशन सकाळी बघायचं असतं. पावसाळ्यात तिथल्या फलाटाचं छप्पर आतूनही गळतंय असं वाटावं इतकी हवेत ओल असते, वडे तळणाऱ्याच्या कढईची वाफ आणि ढग एकमेकांत मिसळतात, आणि मुंबईकडून चढून आलेल्या गाड्यांच्या शेपटीला लावलेली बँकर इंजिनं तिथे सुटतात. थळ घाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट. पुढच्या इंजिनाच्या एकट्याच्या बळावर गाडी वर येत नाही, म्हणून कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावून ती ढकलत वर आणतात. 1865 साली हा घाटमार्ग खुला झाला, वाफेची इंजिनं गेली, डीसीची वीज गेली, एसीची आली. चढ तोच आणि मागून ढकलणंही तेच. त्या दिवशी एक लांबलचक गाडी आली, मागची इंजिनं सुटली, गाडी नाशिककडे निघून गेली आणि इंजिनं तिथेच धुगधुगत उभी राहिली. त्यांतल्या एकाचा चालक दारात उभा राहून चहा पीत होता, नजर घाटाच्या तोंडाकडे. मला दरी दिसत होती, पांढरी, अथांग. तो सिग्नल बघत होता. धुकं एवढं होतं की सिग्नलचा दिवा दिसतो की नाही हाच त्याच्यासाठी त्या धुक्याचा अर्थ.

मग शेअर रिक्षा, रिक्षात माझ्या मांडीवर कुणाच्या तरी शाळकरी मुलाचं दप्तर, आणि घोटी. पिशव्यांवर ‘घोटीचा इंद्रायणी’ असं छापून जो तांदूळ नाशिक-मुंबईला जातो तो याच पट्ट्यातला. बाजारात ओल्या गोणपाटाचा, कोंड्याचा, मिरच्यांचा मिळून एक वास असतो. तिथेच ती जीप मिळाली आणि ती खिडकी.

मावशी बारीच्या फाट्याला उतरणार होत्या. त्याआधी मी विचारलं, कळसूबाईवर जाता का हो कधी? त्या हसल्या. ‘नवरात्रात जातो ना. आमचीच आई ती.’ 1646 मीटर उंची, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, लोखंडी शिड्या, शनिवार-रविवारी डोंगरभर टॉर्चच्या माळा, हे आपण सगळे जाणतो. कळसूची गोष्ट मात्र मला तिथल्याच एका आजीकडून फार पूर्वी कळली होती. कळसू ही कोळ्याची पोर. रानात हिंडायची हौस. कामाला राहिली ती एका अटीवर, की केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एकदा घरात पाहुणे आले, भांडी पडली, तिला घासायला लावली. तिनं ती घासली. आणि मग डोंगरावर निघून गेली ती गेलीच. शेवटपर्यंत वरच राहिली. ही गोष्ट मी मावशींना आठवून सांगितली, तर त्या म्हणाल्या, ‘व्हय, आन् वरून सगळं दिसतं तिला. कोणाचं भात कसं हाय ते बी.’ जीप थांबली. त्या उतरल्या, पिशवी उचलली, बाटली सांभाळली, आणि निघताना पुन्हा वर बघून म्हणाल्या, ‘सरकलं बघा जरा.’ ढग खरंच सरकला होता. खडकाचा काळा कडा आणि त्यावरून उतरणारी पाण्याची एक रेघ उघडी पडली होती. फोटोच्या दृष्टीनं बघितलं तर मघाचं दृश्य जास्त चांगलं होतं. तरी मला बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचं मलाच नवल वाटलं.

बाजूची सीट रिकामी झाली होती, खिडकी माझीच होती, तरी पुढचा रस्ता मी नीट पाहिला असं म्हणता येणार नाही. डोक्यात नाशिकच आलं. आमचं घर पंचवटीत, गोदाकाठापासून हाकेच्या अंतरावर. रामकुंड, गांधी तलाव, नारोशंकराचं देऊळ हे माझ्या भाजी आणायच्या वाटेवरचं. मुंबईचे नातेवाईक आले की त्यांना घेऊन तिथे जाते. ते थांबून थांबून बघतात, नारोशंकराच्या घंटेपाशी मान वर करून उभे राहतात, ही वसईच्या मोहिमेतली का हो म्हणून विचारतात, आणि मी एकीकडे पार्किंगचा विचार करत असते. माझ्याही तोंडून कधीतरी निघून गेलंच असेल, तुम्ही बघा, आमचं रोजचंच. पण जुलै-ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं की हीच मी, हेच बाबा, आमची अख्खी गल्ली, दिवसातून दोनदा नदीकडे जातो ते कशाला? दुतोंड्या मारुती बघायला. पाणी मारुतीच्या पायाला लागलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं. होळकर पुलावर माणसं कठड्याला रेलून उभी असतात आणि खालच्या दुकानदारांचे फोन चालू असतात, माल वर हलवायचा की थांबायचं. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टात मारुती डोक्यासकट पाण्याखाली गेला होता. बाबा 1969 चा पूर सांगतात, तो त्यांनी लहानपणी आजोबांच्या खांद्यावरून पाहिलेला, आणि सांगताना त्यांचा हात आपोआप भिंतीवर एका उंचीला जातो. 

नाशिककर गोदावरी बघत नाहीत असं कोण म्हणेल? पण सुंदर म्हणून बघतात ते पाहुणे. आम्ही किती आलं ते बघतो.

शेंडीला उतरले तेव्हा ऊन पडलं होतं. गावातून धरणाच्या भिंतीकडे चालत गेलं की पहिल्यांदा आवाज येतो, मग अंगावर तुषार, मग भिंत. भंडारदऱ्याचा विल्सन डॅम. 1910 ला काम सुरू झालं, 1926 च्या डिसेंबरात पूर्ण होऊन उद्घाटन झालं, म्हणजे हे धरण आता शंभरीला आलं. 270 फूट उंचीची दगडी भिंत. प्रत्येक दगड कुणीतरी घडवलेला आहे हे जवळ गेल्यावर दिसतं, छिन्नीच्या खुणा अजून ताज्या वाटाव्यात अशा, सांध्यासांध्यात नेचे उगवलेले. भिंतीच्या मोरीतून बाहेर पडणारं पाणी गोलसर खडकावर आपटून छत्रीसारखं पसरतं, त्याच्यासमोर सेल्फी काढणाऱ्यांची रांग होती. मीही काढला. तिथून खाली वाहत गेलेली प्रवरा, अमृतवाहिनी, पुढे निळवंड्याला अडते, मग अकोले, संगमनेर, ओझरच्या बंधाऱ्यावरून दोन्ही बाजूंच्या कालव्यांत शिरते आणि श्रीरामपूर-राहात्यापर्यंतच्या उसाला जाते. लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच पाण्याच्या भरवशावर. धरण 15 ऑगस्टच्या आत भरणार का, ही चर्चा दरवर्षी तिकडच्या गावांमधून चालते, वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या येतात. जिथे पाऊस पडतो तिथल्या लोकांना या पाण्याचा फार थोडा वाटा मिळतो. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्याला अहिल्यानगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, आणि याच डोंगरांतल्या कितीतरी वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात बायका हंडे घेऊन उतरतात. समोर धरणाचं पाणी दिसत असतं. हे मी उन्हाळ्यात इथे आले होते तेव्हा डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्यानंतर भरलेलं भंडारदरा बघताना जो आनंद होतो त्याच्या तळाशी काहीतरी टोचत राहतं. आनंद खोटा नसतो. टोचणंही खोटं नसतं.

लाँच मिळायला वेळ लागला. रतनवाडीला जायला पुरेशी माणसं जमायला हवीत. इथेही जीपचाच नियम. शेवटी पुण्याकडचं एक कुटुंब, दोन कॉलेजची मुलं आणि मी अशी मोट बांधली गेली. लाँच काठापासून सुटली आणि दोन्ही बाजूंचे डोंगर हळूहळू फिरू लागले. पाणी हिरवट काळं, ढगांची सावली त्यावरून सरकत चाललेली; एका बाजूला ऊन पडलेला उतार सोनकीच्या फुलांनी पिवळाधमक, दुसऱ्या बाजूला रतनगडावर दुधाळ अंधार. मुलं गाणी लावायच्या बेतात होती, पण कुटुंबातल्या आजींनी ‘थांबा रे जरा’ म्हटलं आणि त्यांनी खरंच मोबाइल खाली ठेवला. मग फक्त इंजिनाचा आवाज आणि नाळेवर आपटणारं पाणी. लाँचवाला मात्र डोंगराकडे बघतच नव्हता. पाण्यावर, थोडं पुढे, डावीकडे, पुन्हा पुढे. कशाकडे बघता हो, मी विचारलं. म्हणाला, ‘खाली झाडं हायेत जुनी. आन् वारं. रतनगडावरून वारं उतरलं की पाण्याचा रंग बदलतो, मग काठानं न्यायची.’ त्यानं बोट दाखवलं तिथे पाण्यावर खरंच एक काळसर सुरकुती होती, आमच्याकडे सरकत येणारी. मी एवढा वेळ त्याच पाण्याकडे बघत होते. मला ती दिसली नव्हती. नंतर मात्र मला दुसरं काही दिसेना. ती सुरकुती कुठे पोचली, काठ किती लांब, एवढंच. पाऊण तास जे नुसतं सुंदर होतं ते शेवटची दहा मिनिटं मी त्याच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि खरं सांगायचं तर सौंदर्य त्यामुळे कमी झालं नाही, उलट त्याला धार आली.

रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळाजवळ भाताच्या खाचरांतून जावं लागतं. देऊळ ओलं, शेवाळलेलं, काळं. गाभाऱ्यात पावसाळ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. त्या दिवशीही पाणी होतं, हात घातला तर बर्फासारखं गार. एक पुजारीबाबा उंबऱ्याशी बसले होते. कुणीतरी विचारलं, पाणी काढत नाही का? ते म्हणाले, ‘कशाला? त्याचं तो जाईल.’ बाहेर पुष्करणीत आकाशाचा एक चौकोन आणि त्यात तेरड्याच्या पाकळ्या. खांबांवरच्या नक्षीवर मी बोट फिरवत राहिले. दगडातली वेल कुठे सुरू होते आणि खरं शेवाळ कुठे, हे बोटालाच कळत होतं. इथे मला खूप वेळ बसायचं होतं, पण लाँचवाल्यानं वेळ दिली होती आणि त्याच्या सुरकुतीवर माझा आता पूर्ण विश्वास होता.

परत येताना काठावर तंबूंच्या रांगा दिसल्या, केशरी, निळ्या, काही ठिकाणी मोठाले स्पीकर उतरवत होते. शनिवार होता. मे-जूनमध्ये काजव्यांच्या दिवसांत इथे गाड्यांची रीघ लागते, हेडलाइटच्या उजेडात लोक काजवे शोधतात. मला याचा राग येतो आणि मी तो लपवत नाही. तंबू टाकणारी पोरं याच गावांतली आहेत, त्यांना चार पैसे मिळतात, पूर्वी पावसाळा संपला की नारायणगावाकडे नाहीतर नाशिकच्या द्राक्षबागांवर मजुरीला जावं लागायचं ते थोडं थांबलंय, हेही खरं. पण रात्रभर वाजणाऱ्या स्पीकरनं त्यांचीच म्हातारी माणसं झोपत नाहीत. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. गावानं मिळून आवाजाला वेळ घालून द्यावी आणि आपण येणाऱ्यांनी ती निमूट पाळावी, एवढं तर आपल्या हातात आहे.

शेंडीहून परतीला एसटी मिळाली, बायकांच्या अर्ध्या तिकिटात. बसमध्ये बायकाच जास्त होत्या. बारीच्या अलीकडे पाऊस आला. नुसता आला नाही, कोसळला. काचेवरून पाण्याचे लोट, वायपर थकून गेलेला, कंडक्टरनं मागच्या खिडक्या ओढून घेतल्या. सकाळी मी हाच तर मागत होते. कळसूबाई दिसेनाशी झाली, खाचरं दिसेनाशी झाली. माझ्या पुढच्या सीटवरच्या दोघी एकमेकींकडे बघून काही बोलल्या नाहीत. मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ‘चारला फवारलं असंल त्याचं धुऊन निघालं.’ ‘सकाळी फवारलं त्याचं लागलं,’ दुसऱ्यानं सांगितलं. मग अख्ख्या बसमध्ये कुणी कधी फवारलं याचीच चर्चा. मी घड्याळ बघून मनात तास मोजत होते. घोटीला उतरून नाशिकची गाडी पकडली तेव्हा तिकडे पावसाचा थेंब नव्हता. विल्होळीपाशी रस्ते कोरडे ठणठणीत.

घरी पोचले तर बाबा दारातच. कसं होतं, कुठे कुठे गेलीस, काही नाही. पहिला प्रश्न, ‘भंडारदरा किती आहे?’ भरलंय म्हटलं, खाली सोडतायत. ‘निळवंडे?’ ते नाही पाहिलं. बाबांनी लगेच सकाळचं वर्तमानपत्र काढलं, धरणांचा तक्ता उघडला. गंगापूर, दारणा, मुकणे, भावली यांच्या आकड्यांवर त्यांनी आधीच पेनानं खुणा केलेल्या होत्या. त्यांना एका गोष्टीचा निकाल लावायचा होता. आपल्या रामकुंडावरून जाणारं पाणी आणि मी बघून आलेलं प्रवरेचं पाणी, दोन्ही टोका गावाजवळ प्रवरासंगमावर भेटतात आणि जायकवाडीत जातात. दुष्काळाच्या वर्षी या पाण्यावरून केवढं रान उठतं, कोर्टात जातात लोक, समन्यायी वाटपाचा 2005 चा कायदा निघतो चर्चेत; मराठवाड्याला तहान आहे आणि इथल्या बागांनाही आहे. पण या वर्षी सगळीकडेच भरलेलं असल्यानं बाबा खुशीत होते आणि त्यांचा प्रश्न साधा होता, आज सोडलेलं पाणी संगमावर आधी कुणाचं पोचणार?

‘आपलं,’ ते म्हणाले. ‘गोदावरीला उतार चांगला आहे.’

‘आपल्याला वाटेत नांदूरमधमेश्वर आहे ना,’ मी म्हटलं. ‘तिथे बंधाऱ्यावर रेंगाळणार ते.’

‘आणि त्यांना निळवंडे नाही का? ओझर नाही?’

‘पण त्यांना अंतर कमी पडतं, बाबा.’

त्यांनी चष्मा लावला, मोबाइलवर नकाशा उघडला आणि दोन बोटांनी नदी मोठी करत सरळ गंगापूरपासून मोजायला सुरुवात केली.